निकुंभ सर गेल्यावर काय?

'तारे जमीन पर' प्रदर्शित झाला २००७ च्या डिसेंबरात. एवढी वर्षे झाली, पण आपल्या परदेशस्थ मराठी घरांतून तो चित्रपट अजून गेलेला नाही. कुणाचा मुलगा वाचनात मागे पडतो आहे असे कळले, की कुणीतरी म्हणतेच, "त्याला एखादे निकुंभ सर भेटायला हवेत हो!" हॅम्बर्गमध्ये हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे, की चित्रपटाबरोबर त्या वाक्याचेही परीक्षण व्हायला हवे असे मला वाटू लागले.

दुसरेही एक निमित्त आहे. मायदेशातल्या एखाद्या अपंग मुलांच्या शाळेला संगणक किंवा टॅब्लेट पाठवावेत, अशी सूचना आपल्यासारख्या मंडळांत दर दोन-तीन वर्षांनी येते आणि टाळ्यांच्या गजरात मंजूरही होते. निकुंभ सरांवरची आपली भक्ती आणि यंत्रे पाठवण्याची आपली हौस, या दोन्हींचे मूळ मला एकच वाटते. दोन्हींत एक माणूस गाळला जातो. तो म्हणजे वर्गावर रोज उभा राहणारा, साधाच, पण या कामासाठी नीट तयार केलेला शिक्षक.

चित्रपट मला आवडतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कुणी रागावणार नाही. आठ वर्षांच्या ईशानची अक्षरे नाचतात, उलटी होतात, शब्द हातातून निसटतात. आळशी म्हणून, द्वाड म्हणून त्याला वसतिगृहाच्या शाळेत धाडले जाते. तिथे राम शंकर निकुंभ नावाचे बदली चित्रकला शिक्षक येतात, त्याच्या वह्या चाळतात आणि त्यांना चुकांमध्ये एक सूत्र दिसते. मग ते मुंबईला जाऊन त्याच्या आईवडिलांना भेटतात. वडील मुलाला दोष देऊ लागताच ते त्यांच्या हातात परक्या लिपीतला मजकूर असलेला एक खोका देतात आणि म्हणतात, वाचा. वाचता येत नाही म्हटल्यावर, मन लावत नाही म्हणून उलट त्यांनाच दटावतात. या प्रसंगाला मी पूर्ण गुण देईन. आपण सगळ्यांनी इथल्या फिनान्सआम्टचे पहिले पत्र हातात धरून नेमका हाच अनुभव घेतलेला आहे!

पण आता प्रश्न विचारू या. निकुंभ सरांना हे सगळे कसे कळले? चित्रपटाचे उत्तर असे, की त्यांना स्वतःलाच लहानपणी हा त्रास होता. शिवाय ते विशेष मुलांच्या एका शाळेतही शिकवतात. म्हणजे ज्ञान आले ते स्वतःच्या दुःखातून आणि दुसऱ्या एका शाळेतून. ज्या शाळेत ईशान शिकतो तिने त्यांना काहीही शिकवलेले नाही. तिथले बाकीचे शिक्षक वर्षाच्या सुरुवातीला जिथे होते तिथेच शेवटीही आहेत. फार तर थोडे ओशाळलेले. वाळूत बोट फिरवून अक्षर गिरवायचे, मातीचे आकार करायचे, जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत बेरीज-वजाबाकी करायची, या सगळ्या युक्त्या खऱ्या आणि उपयोगी आहेत. अक्षर डोळ्यांबरोबर हातानेही शिकायचे, हे त्यांमागचे तत्त्व. पण हे तत्त्व चित्रपटात कुणी कुणाला समजावून देत नाही. एका सुंदर गाण्याच्या लयीत ते घडून जाते, आणि प्रेक्षकाला वाटते की हे प्रेमानेच साधले.

आणि निकुंभ सर बदली शिक्षक आहेत! वर्ष संपते, मुले सुट्टीला घरी निघतात, ईशान धावत येऊन सरांना बिलगतो, आपण डोळे पुसतो. जूनमध्ये त्या वर्गात दुसरा एखादा ईशान येईल तेव्हा तिथे कोण असेल? हा प्रश्न चित्रपटाने विचारलेला नाही आणि आपणही विचारला नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. ईशान शेवटी चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. वाचता येत नसले तरी हातात कला आहे, म्हणून शाळा त्याला डोक्यावर घेते. ज्याला वाचताही येत नाही आणि चित्रही काढता येत नाही, त्या मुलाने काय करायचे? हक्काची गोष्ट या चित्रपटात फार तर संवादापुरती आहे. कथा पुढे सरकते ती मुख्याध्यापकांच्या होकारामुळे. वास्तविक महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती द्यायला १९९६ मध्येच सुरुवात केली होती. जास्तीचा वेळ मिळे, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा होई. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांच्या तपासणीचा विभाग होता आणि पालक दाखल्यासाठी तिथे जात. म्हणजे चित्रपट येण्याच्या अकरा वर्षे आधी, त्याच मुंबईत, एक व्यवस्था अडखळत का होईना चालू लागली होती. पडद्यावर मात्र आला तो एकटा देवमाणूस.

हा दोष एकाच चित्रपटाचा नाही. २०२५ मध्ये 'सितारे जमीन पर' आला. त्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंना शिकवायला जो प्रशिक्षक येतो, तो न्यायालयाने शिक्षा म्हणून पाठवलेला! त्याला या कामातले काहीही ठाऊक नसते. खेळाडूच त्याला माणूस बनवतात. गोष्ट म्हणून गोड आहे. पण शल्यविशारद चाकू धरायला रुग्णाकडूनच शिकतो, असा चित्रपट निघाला तर आपण हसू. शिक्षकाच्या बाबतीत आपल्याला ते हसू येत नाही, कारण या कामाला विद्या लागते हेच मुळात आपल्या मनात नाही. (मराठीत 'चौकट राजा' हा १९९१ चा चित्रपट आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, पण त्याचा विषय वर्गखोली नाही, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.)

या सगळ्यांत मला वेगळा वाटतो तो साई परांजपे यांचा 'स्पर्श' (१९८०). दिल्लीच्या एका अंधशाळेत त्याचे चित्रीकरण झाले आणि तिथल्याच मुलांनी त्यात कामे केली. मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार स्वतः अंध आहेत. विधवा कविता शाळेत गाणी-गोष्टी शिकवायला येते आणि मुलांना सहज 'बिचारी' म्हणून जाते, तेव्हा अनिरुद्ध तिला तिथेच थांबवतो. पुढे दोघांचे लग्न ठरते, आणि तिचे हे प्रेम आहे की त्याग, या शंकेने तो ते मोडतो. साईताईंनी इथे प्रेमळपणालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. दयेत देणाऱ्याचे सुख किती आणि घेणाऱ्याचे किती, हा प्रश्न आपल्या चित्रपटांत इतक्या स्वच्छपणे क्वचितच विचारला गेला असेल. नसीरुद्दीन शहांना अभिनयाचा आणि साईताईंना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो अगदी रास्त होता.

तरीही माझी तक्रार इथेही उरतेच. कविता उत्तम गाते, मुलांना तिचा लळा लागतो. पण ती या कामाचे शिक्षण घेऊन आलेली नाही, आणि तिने ते घ्यावे असे चित्रपटातही कुणाला वाटत नाही. पाटीवर खिळ्याने ब्रेल लिहिताना उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखे उलटे टोचावे लागते, कारण वाचताना कागद उलटायचा असतो. सहा टिंबांच्या ६३ रचना शिकवायच्या, टेलरच्या चौकटीवर गणित मांडायचे, ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती असलेला शिक्षक आणि नुसता मायाळू शिक्षक, यांतला फरक मुलाला दहावीच्या गणितात कळतो.

गुरूची विद्या गुरूबरोबरच गेली तर काय होते, याचा एक जुना दाखला आपल्याच शहरात आहे. एपेनडॉर्फच्या सेंट योहानिस चर्चच्या परिसरात सॅम्युएल हायनिके याचे स्मारक आहे. आपल्यापैकी कितीतरी जण त्यावरून दर आठवड्याला जात असतील. १७६८ च्या सुमारास हा मनुष्य एपेनडॉर्फच्या चर्चमध्ये शिक्षक म्हणून आला आणि तिथे त्याने कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवायला सुरुवात केली. त्याचे नाव इतके झाले की सॅक्सनीच्या इलेक्टरने त्याला बोलावून घेतले. १७७८ मध्ये नऊ विद्यार्थ्यांसह तो लाइपझिगला गेला आणि तिथे जर्मनीतली पहिली सरकारमान्य कर्णबधिर शाळा उघडली. स्वर पक्के बसावेत म्हणून तो मुलांच्या जिभेवर वेगवेगळ्या चवी ठेवी. एका स्वराला व्हिनेगर, एकाला साखरेचे पाणी, एकाला ऑलिव्हचे तेल. ही पद्धत मात्र त्याने गुपित ठेवली. आपल्याकडच्या गवयाने खास चीज घराण्याबाहेर जाऊ देऊ नये, तसेच हे.

त्याच काळात पॅरिसला आबे द लेपे हा धर्मगुरू खुणांच्या भाषेने शिकवत होता, आणि तेही सर्वांदेखत. त्याच्या वर्गाला लोक बसत, परगावचे शिक्षक येऊन पद्धत शिकून जात आणि आपल्या गावी शाळा काढत. दोघांत पत्रांतून मोठा वाद झाला आणि १७८३ मध्ये झुरिकच्या विद्वानांनी लेपेच्या बाजूने कौल दिला. खूण श्रेष्ठ की बोल श्रेष्ठ, हा त्या वादाचा विषय. माझ्यापुरता धडा दुसराच आहे. एकाने विद्या स्वतःजवळ ठेवली, दुसऱ्याने शिक्षक तयार केले. चवींची ती युक्ती आज इतिहासातली एक गंमत म्हणून उरली आहे.

अर्थात नुसते 'प्रशिक्षण, प्रशिक्षण' म्हणूनही भागत नाही, कारण प्रशिक्षण चुकीचेही असू शकते. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्यानंतर कित्येक पिढ्यांच्या शिक्षकांना रीतसर तेच शिकवले गेले, की मुलांना हात हलवू देऊ नका. ही चूक दुरुस्त करण्यात पुन्हा हॅम्बर्गचा वाटा मोठा आहे. इथल्या विद्यापीठात प्रा. सिगमुंड प्रिलविट्स आणि त्यांच्या कर्णबधिर सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात जर्मन खुणांच्या भाषेचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला, खुणा कागदावर लिहिण्याची 'हॅमनोसिस' नावाची लिपीही बनवली. १९८७ मध्ये या भाषेचे केंद्र निघाले आणि २००२ च्या कायद्याने जर्मन खुणांच्या भाषेला मान्यता मिळाली. कर्णबधिर माणसे शिक्षकांची शिक्षक झाली, तेव्हा कुठे प्रशिक्षण ताळ्यावर आले.

आपल्याकडेही हे वारे पोचले. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २००१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे रीतसर वर्ग सुरू झाले, आणि त्या कामात उलरिके त्सेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंचा मोठा हात होता. जर्मनी आणि महाराष्ट्र यांचा हा धागा आपल्या स्नेहसंमेलनांतल्या भाषणांत कधी येत नाही. यायला हवा.

आता आजच्या हॅम्बर्गकडे वळू. इथे अपंग आणि इतर मुलांना एकत्र शिकवणारे वर्ग १९८३ पासून सुरू झाले. जर्मनीने २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार स्वीकारला, आणि त्याच वर्षी हॅम्बर्गच्या शाळा कायद्यात बदल होऊन प्रत्येक अपंग मुलाला साध्या शाळेत जाण्याचा हक्क मिळाला. अंध आणि दृष्टिदोष असलेल्या मुलांसाठी बोर्गवेगला, तर कर्णबधिरांसाठी एल्बशूले येथे खास केंद्रे आहेत. तिथले शिक्षक साध्या शाळांतल्या शिक्षकांनाही सल्ला देतात. विशेष शिक्षक व्हायचे तर विद्यापीठातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर शाळेत दीड वर्षाची उमेदवारी करावी लागते. नोकरीतल्या शिक्षकांसाठी शहराची स्वतंत्र प्रशिक्षण संस्था आहे.

म्हणून इथे सगळे आलबेल आहे असे नाही. विशेष शिक्षकांची वाण आहे. मुलाबरोबर वर्गात बसणारे मदतनीस कितीदा तरी कसलेही शिक्षण न घेतलेले असतात. म्हणजे इथेही कविता आहेच, फक्त पगारी. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जर्मनीला, वेगळ्या शाळांचा पसारा तुम्ही आवरत नाही म्हणून बोल लावले. पण इथल्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला मोलाची वाटते. पालकाला दोन शब्द माहीत असले की तो बोलू शकतो. एक 'फ्योर्डरप्लान', म्हणजे मुलासाठी काय करायचे याचा लेखी आराखडा. दुसरा 'नाखटाइल्सआउसग्लाइश', म्हणजे अडचणीची भरपाई: जास्तीचा वेळ, मोठी अक्षरे, तोंडी परीक्षा. आपले पालक हे शब्द उच्चारायला लाजतात, 'मुलावर शिक्का बसेल' म्हणतात. शिक्का बसेल या भीतीने चष्मा न लावण्यासारखेच आहे हे.

राहता राहिली यंत्रे. कर्णबधिर मुलासाठी शिक्षकाच्या गळ्यात बिनतारी मायक्रोफोन असतो. आवाज थेट मुलाच्या श्रवणयंत्रात जातो. उत्तम! पण दुसरा मुलगा उत्तर देत असताना तो त्याच्या हाती द्यायचा, व्हरांड्यात खासगी बोलताना बंद करायचा, खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे नाही कारण उजेडात ओठ दिसत नाहीत, हे कोण शिकवणार? अंध मुलाच्या संगणकावर पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली असते. 'एनव्हीडीए' ही तर २००६ पासून फुकट मिळते. पण गुरुजी फळ्यावर लिहिताना 'हे इथून उचलले, तिकडे टाकले' एवढेच म्हणत असतील, तर आज्ञावली काय करील? 'उजवीकडचे ५ डावीकडे नेले, चिन्ह बदलले' असे बोलत लिहायला एक पैसा लागत नाही. फक्त सवय लागते, आणि ती कुणीतरी लावावी लागते.

भारतात गेलो की मी शक्य तेव्हा एखादी शाळा पाहून येतो. अशाच एका शाळेत (नाव सांगत नाही, कारण अशा शाळा अनेक आहेत) ब्रेल छापणारे परदेशी यंत्र पाहिले. त्यावर प्लास्टिकचे आवरण, आवरणावर धूळ, आणि भिंतीवर देणगीदारांच्या नावाची पाटी. यंत्र चालवायला शिकलेल्या बाई बदलून गेल्या होत्या. दुसऱ्या खोलीत सात-आठ संगणक चालू स्थितीत होते, पण मुलांना मराठी टिपणे ऐकू येत नव्हती. कारण साधे होते. टिपणे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. डोळ्यांना त्यात 'कमल' दिसते, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांची खिचडी असते आणि आज्ञावली ती खिचडीच वाचते. युनिकोडमध्ये टाइप केले असते तर तोच धडा त्याच संगणकाने घडाघडा वाचला असता. आपल्यापैकी निम्मे लोक संगणकक्षेत्रातले. ही गोष्ट आपण त्या शिक्षकांना एका दुपारी शिकवू शकलो असतो. आपण संगणक पाठवले.

कायद्याची बाजू भारतात आता कमकुवत नाही. १९९२ च्या कायद्याने पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि विशेष शिक्षकांच्या शिक्षणाला व नोंदणीला चौकट आली. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारची अपंगत्वे होती, २०१६ च्या कायद्यात ती २१ झाली. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणही सांगून टाकले: प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक. शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे, सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचे साधन केंद्र आहे. उणीव आहे ती नेमणुकांची, आणि नेमलेल्यांना शिकत ठेवण्याची.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. पुढच्या वेळी मंडळात अशी सूचना आली, तर देणगीचा निम्मा भाग शिक्षकांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. त्यात अभ्यासक्रमाची फी यावी, प्रवासखर्च यावा, आणि शिक्षक शिकायला गेला असताना त्याच्या वर्गावर येणाऱ्या बदली शिक्षकाचा पगारही यावा. यंत्र देण्याआधी शाळेला चार प्रश्न विचारावेत. हे चालवणार कोण? त्या बदलून गेल्या तर दुसरे कोण? बिघडले तर दुरुस्ती जवळपास कुठे? आणि मुलांचा मराठी मजकूर यंत्राला वाचता येईल अशा रूपात आहे का? चारही उत्तरे मिळाली तर यंत्र जरूर द्यावे. नाही मिळाली तर आधी माणूस तयार करावा.

अशा देणगीचा फोटो चांगला येत नाही, हे मला मान्य आहे. शिकून आलेल्या बाईंच्या डोक्यात काय भरले ते छायाचित्रात दिसत नाही, आणि त्यावर पाटीही लावता येत नाही. पण बाईंनी आणखी दोघींना शिकवले, तर बाई बदलून गेल्या तरी जूनमध्ये त्या वर्गात मुलाची वही उघडणारे कुणीतरी असेल.